इलेक्ट्रिक गाडीचा इन्शुरन्स: आधी बॅटरीचं विचारा, मग प्रीमियमचं

पेट्रोलच्या टू-व्हीलरचा इन्शुरन्स बहुतेक लोक कसा काढतात ते सगळ्यांना माहितीये. संपायच्या आदल्या रात्री फोनवर गाडीचा नंबर टाकायचा, चार-पाच कंपन्यांचे आकडे येतात, त्यातला सगळ्यात खालचा निवडायचा, पैसे भरायचे, पीडीएफ कुठेतरी डाऊनलोड होऊन पडते आणि ती परत कोणी उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर पेट्रोलच्या गाडीला बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही, कारण इंजिन बसलं तरी मेकॅनिक ते खोलतो, बोअर करतो, पिस्टन बदलतो, आठवड्यात गाडी परत रस्त्यावर.

इलेक्ट्रिकला हे जमत नाही. गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा, काही मॉडेलमध्ये तर निम्म्याच्या आसपास, एका सीलबंद डब्यात सीटखाली नाहीतर फूटबोर्डखाली बसलेला असतो आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक तो उघडत नाही, बऱ्याचदा कंपनीचं सर्व्हिस सेंटरसुद्धा उघडत नाही, सरळ नवीन बॅटरी पॅकचं कोटेशन देतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इलेक्ट्रिक गाडीचा इन्शुरन्स घेताना तुम्ही खरं तर बॅटरीचा इन्शुरन्स घेताय, बाकीची गाडी तिच्याबरोबर येते. पॉलिसीतला प्रत्येक मुद्दा या एकाच नजरेने वाचला की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आता हे सगळं मी का लिहितेय तर मावसबहिणीने स्कूटर बुक केली आणि शोरूमवाल्याने दिलेलं इन्शुरन्सचं कोटेशन मला फॉरवर्ड करून विचारलं की ताई, हे ठीक आहे का. ठीक होतं तसं. फक्त त्यात बॅटरीबद्दल एक अक्षर नव्हतं आणि "इंजिन प्रोटेक्शन" मात्र लावलेलं होतं. इलेक्ट्रिक स्कूटरला! इंजिनच नाही तर प्रोटेक्शन कशाचं. तिने शोरूमवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला पॅकेजमध्ये येतं मॅडम, राहू द्या.

तर आधी कुठल्या गाडीला इन्शुरन्स लागतो ते बघू, कारण इथेच लोक दोन टोकांना जातात. ज्या गाडीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आहे आणि जी ताशी २५ किलोमीटरच्या वर पळत नाही, ती कायद्याच्या हिशोबात "मोटर व्हेईकल"च नाही, म्हणजे नंबर प्लेट नको, लायसन्स नको, थर्ड पार्टी इन्शुरन्सही, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला पैसे देणारा, सक्तीचा नाही. पॅडलवाली ई-सायकल यातच येते. आता सक्तीचा नाही म्हणजे नुकसानभरपाई कोणी मागणारच नाही असं नव्हे हं, ई-सायकलने कोणाला धडक दिली तर तो माणूस तुमच्याकडे पैसे मागणारच, फक्त ते तुमच्या खिशातून जातील. आणि अशा गाड्यांना नेहमीची मोटर पॉलिसी मिळत नाही, त्यामुळे चोरीची भीती असेल तर सायकलसाठी वेगळं कव्हर मिळतं का ते बघावं लागतं आणि स्वतःसाठी एखादी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी. आणखी एक, काही लोक या स्लो गाड्यांचं स्पीड लॉक काढून घेतात, चाळीसने पळवतात आणि मिरवतात. त्या क्षणी ती गाडी मोटर व्हेईकल झाली, तीही विनानोंदणी आणि विनाइन्शुरन्स. अपघात झाला की मग कळतं काय केलंय ते.

त्याच्या वरच्या सगळ्या, म्हणजे हिरव्या प्लेटवाल्या गाड्यांना मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी लागतंच. नसेल तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी ४००० रुपये. बरं, थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात इलेक्ट्रिक टू-व्हीलरला मोटरच्या किलोवॅटवर दर आहेत: ३ किलोवॅटपर्यंत वर्षाला ४५७ रुपये, ३ ते ७ किलोवॅट ६०७, ७ ते १६ किलोवॅट ११६१ आणि त्याच्यावर २३८३, जीएसटी वेगळा. पेट्रोलच्या तशाच गटापेक्षा हे बरोबर १५ टक्के कमी आहे, सरकारने इलेक्ट्रिकला दिलेली सूट. याचा अर्थ असा की कोणी एजंट तुम्हाला "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" म्हणत असेल तर हसून सोडून द्या, तो आकडा सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं कव्हर, आणि ॲड-ऑन, म्हणजे वर पैसे भरून घ्यायची जादा कव्हर, यांच्यात, तुलना करायची ती तेवढ्याचीच.

नवीन गाडी घेताना थर्ड पार्टी पाच वर्षांचं एकदमच घ्यावं लागतं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. आणि इथे जो घोळ होतो तो मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलाय की विचारू नका. शोरूममधून मिळालेली पॉलिसी असते पाच वर्षांची थर्ड पार्टी आणि एक वर्षाचं ओन डॅमेज. कागदावर मोठ्या अक्षरात पाच वर्षांनंतरची तारीख दिसते आणि माणूस निवांत होतो, "माझा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे." पोलिसाने अडवलं तरी दंड होत नाही कारण थर्ड पार्टी चालू असतं, त्यामुळे संशय यायचं कारणच नाही. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते किंवा पार्किंगमध्ये पाणी भरतं तेव्हा कळतं की स्वतःच्या गाडीचं कव्हर केव्हाच संपलंय. आत्ता हे वाचताय ना, उठून तुमची पॉलिसी काढा आणि दोन तारखा बघा, दोन. ओन डॅमेज संपलं असेल तर ते एकटं वेगळं मिळतं, सप्टेंबर २०१९ पासून तशी सोय आहे, थर्ड पार्टी परत घ्यावं लागत नाही आणि दोन्ही एकाच कंपनीकडे असायची गरज नाही.

आता बॅटरी.

आपल्याकडच्या मोटर पॉलिसीचा जो मूळ मजकूर आहे तो २००२ च्या टॅरिफमधून, म्हणजे मोटर इन्शुरन्सच्या दर आणि नियमांच्या पुस्तकातून, आलेला आहे. त्यात घसाऱ्याचा तक्ता आहे, म्हणजे क्लेमच्या वेळी नवीन पार्ट घातला तरी जुन्या पार्टची झीज धरून किती टक्के तुम्ही भरायचे. काचेला शून्य, फायबरला ३० टक्के, धातूच्या पार्टना गाडीच्या वयाप्रमाणे, आणि रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांना सरसकट ५० टक्के. २००२ साली बॅटरी म्हणजे सेल्फ स्टार्टची ती छोटी बॅटरी, तिचे निम्मे पैसे गेले तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. आज तोच शब्द गाडीतल्या सगळ्यात महाग वस्तूला लागतो. समजा बॅटरी पॅक ५०,००० चा आहे आणि अपघातात तो गेला, तर साध्या "फुल इन्शुरन्स"मध्ये, म्हणजे थर्ड पार्टी अधिक ओन डॅमेज, २५,००० तुमचे. गाडी घेऊन तीन महिने झाले असतील तरी. तुमच्या पॉलिसीत बॅटरीसाठी वेगळा तक्ता छापलेला असेल तर तो धरला जाईल, पण तो छापलेला असला पाहिजे, एजंटच्या तोंडी नको.

म्हणून झिरो डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापता पैसे देणारं ॲड-ऑन, घ्या असं सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात, पण त्यात एक मेख आहे. झिरो डेपच्या काही मजकुरांत "टायर, ट्यूब व बॅटरी वगळून" असं सरळ लिहिलेलं असतं! पेट्रोलच्या गाडीसाठी लिहिलेलं कलम तसंच इलेक्ट्रिकला चिकटवलेलं. म्हणजे तुम्ही झिरो डेपचे पैसे भरताय पॅनल आणि मडगार्डसाठी आणि बॅटरीला पुन्हा ते ५० टक्के आहेतच. त्यामुळे विचारायचा प्रश्न "झिरो डेप आहे का" हा नाही, "तुमच्या झिरो डेपमध्ये ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवणारी मोठी बॅटरी, धरलेली आहे का" हा आहे, आणि उत्तर ईमेलवर मागायचं. फोनवर सगळे हो म्हणतात.

झिरो डेप असलं तरी वर्षाला किती क्लेम चालतील याला मर्यादा असते, आणि गाडी अमुक वर्षांची झाली की ते मिळणं बंद होतं. नेमकं बॅटरीची वॉरंटी संपायच्या सुमाराला. कंपन्यांना गणित येतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर, वादळ, जलमय होणं हे ओन डॅमेजमध्ये मुळातच धरलेलं असतं, त्यासाठी वेगळं ॲड-ऑन लागत नाही. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडची एकता नगरी, अशा ठिकाणी पार्किंगमधल्या गाड्या आख्ख्या पाण्याखाली होत्या आणि तिथे "पूर" सिद्ध करायला काही कष्ट नाहीत. अडचण होते ती मधल्या प्रकारांत. म्हणजे पूर नाही, नुसता पाऊस आहे, तुम्ही गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, घरी आलात, दुसऱ्या दिवशी डिस्प्लेवर एरर आणि गाडी ठप्प. आता पॉलिसीत अपवादांच्या यादीत लिहिलेलं असतं: मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड, झीज, आणि परिणामी नुकसान. सर्व्हेअर, म्हणजे इन्शुरन्सच्या बाजूने नुकसान तपासणारा माणूस, म्हणतो हा इलेक्ट्रिकल बिघाड, वॉरंटीत जा. वॉरंटीवाले बॅटरी बघतात आणि म्हणतात पाणी शिरलंय, बाहेरचं कारण, इन्शुरन्सला जा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ते हे. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलंय म्हणून लोक निश्चिंत असतात, पण आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही चाचणीच्या खोलीत, नव्या बॅटरीला. रात्रभर बेसमेंटमध्ये बुडालेल्या, दोन वर्षं खड्डे खाल्लेल्या पॅकला ते लागू नाही. शिवाय कंट्रोलर, चार्जिंग पोर्ट, वायरिंगचे कनेक्टर यांचं काय ते वेगळंच.

हीच फट भरायला हल्ली "बॅटरी प्रोटेक्ट" किंवा "बॅटरी सिक्युअर" अशा नावाची ॲड-ऑन आलीत आणि माझ्या मते इलेक्ट्रिकवर घ्यावं असं एकच ॲड-ऑन सांगायचं झालं तर हे, झिरो डेपच्याही आधी. यात साधारणपणे पाणी शिरणं, शॉर्ट सर्किट, चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज वर-खाली होऊन झालेलं नुकसान असं येतं, काहींमध्ये मोटर आणि चार्जरही धरतात. पण नाव सारखं म्हणून आतला माल सारखा नसतो. एकीकडे व्होल्टेजचं आहे पण पाण्याचं नाही, दुसरीकडे पाण्याचं आहे पण "गाडी बुडालेली असताना चालू केली तर नाही". हे शेवटचं मात्र मला रास्त वाटतं, बुडालेली गाडी चालू करून बघायची खाज आपल्याला सगळ्यांनाच असते, आणि इलेक्ट्रिकला तर चार्जिंगलाही लावायची नाही, टो करून सर्व्हिस सेंटरला न्यायची आणि तशीच उभी करायची. बॅटरीची क्षमता हळूहळू कमी होणं मात्र कुठल्याच इन्शुरन्समध्ये येत नाही, १०० किलोमीटर जाणारी गाडी चार वर्षांनी ७५ जायला लागली तर तो वॉरंटीचा विषय. वॉरंटी बऱ्याच कंपन्या तीन वर्षांची देतात, पैसे भरून वाढवली तर काही ठिकाणी आठ वर्षांपर्यंत जाते, आणि मला विचाराल तर ॲड-ऑनमध्ये काटकसर करून ते पैसे वाढीव वॉरंटीत घातले तरी चालतील, पण बॅटरी प्रोटेक्टमधली काटकसर नको.

आगीचं पण लोक घाबरत घाबरत विचारतात. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले होते, त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस १५६ चे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. इन्शुरन्सच्या बाजूने बातमी चांगली आहे. ओन डॅमेजच्या मूळ मजकुरातच आग, स्फोट आणि "सेल्फ इग्निशन", म्हणजे आपोआप पेट घेणं, असे शब्द आहेत. फक्त थर्ड पार्टी असेल तर मात्र तुमच्या जळलेल्या गाडीचा एक रुपया मिळणार नाही. आणि बाहेरून बॅटरी बदलून घेतली असेल, रेंज वाढवायला जास्तीचे सेल घातले असतील, भलत्याच चार्जरने चार्ज करत असाल तर कंपनीच्या हातात आयतं कारण दिलंत. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: काढता येणारी बॅटरी तुम्ही वर घरात नेऊन चार्ज करता, तिथे काही झालं आणि घराचं नुकसान झालं तर गाडीची पॉलिसी घराचे पैसे देत नाही. त्याला घराचा इन्शुरन्स लागतो, एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" नावाची एकसारख्या मजकुराची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते, आग त्यात आहे.

काढता येणाऱ्या बॅटरीवरून आठवलं, चोरी. टू-व्हीलरच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं की ॲक्सेसरीज चोरीला गेल्या तर गाडीही त्याच वेळी चोरीला गेलेली असली पाहिजे, नाहीतर पैसे नाहीत. आता चोराने नुसती बॅटरी काढून नेली आणि गाडी तिथेच ठेवली तर? बॅटरी ही ॲक्सेसरी नाही, गाडीचा मूळ भाग आहे, असं तुम्ही म्हणणार आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, पण हा वाद चोरीनंतर सर्व्हेअरशी घालण्यापेक्षा पॉलिसी घेताना कंपनीला लेखी विचारून मिटवलेला बरा. पोर्टेबल चार्जरचंही तेच, तो पॉलिसीत नोंदवलेला नसेल तर तो गाडीचा भाग धरला जाईलच असं नाही.

आयडीव्ही हा पुढचा विषय, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. प्रचलित तक्त्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के कापतात, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. रिन्यू करताना प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढायची सोय वेबसाइटवर असते, त्या स्लायडरला हात लावू नका. इलेक्ट्रिकमध्ये हे जास्त झोंबतं त्याचं कारण असं की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही, टोटल लॉस धरते. हिशोब करून बघा, एक लाखाची गाडी, चौथ्या वर्षी आयडीव्ही ६०,०००, त्याचे ७५ टक्के म्हणजे ४५,०००, आणि बॅटरी एकटीच ५०,००० ची. म्हणजे बाकी गाडी ठणठणीत असली तरी नुसता बॅटरी पॅक चेपला की गाडी भंगारात. काहींना हे परवडतं, आयडीव्हीचे पैसे घेऊन नवी गाडी. पण मग तुम्ही ज्या झिरो डेपचे पैसे भरले ते कशाला भरले, कारण टोटल लॉसमध्ये पार्टचा घसारा हा विषयच येत नाही. त्यामुळे मला वाटतं पहिली तीन वर्षं झिरो डेप आणि बॅटरी प्रोटेक्ट, चौथ्या वर्षापासून आयडीव्ही जितकी मिळेल तितकी वर ठेवणं आणि झिरो डेपचा पुन्हा विचार करणं. हे माझं मत आहे, तुमची गाडी किती महाग आणि बॅटरी किती महाग त्यावर बदलेल.

रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचं एक ॲड-ऑन असतं, गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर आयडीव्ही नाही, बिलाची रक्कम मिळते. इलेक्ट्रिकला याचा एक वेगळा उपयोग आहे. गाडी घेताना तुम्हाला सबसिडी मिळालेली असते आणि सबसिडी तर दरवर्षी आटत चाललीये, फेम-२ ही सरकारी योजना मार्च २०२४ ला संपली, तिच्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये पहिल्या वर्षी बॅटरीच्या किलोवॅट-तासाला ५००० रुपये होते ते नंतर २५०० झाले. म्हणजे तीच गाडी परत घ्यायला गेलात तर जुन्या किमतीत मिळेलच असं नाही. पहिली दोन-तीन वर्षं शहरात रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने हे घ्यावं, बंद पार्किंग असलेल्याने सोडलं तरी चालेल.

रोडसाइड असिस्टन्स घ्या, पेट्रोलची गाडी ढकलत पंपापर्यंत नेता येते, चार्ज संपलेली स्कूटर ढकलून कुठे नेणार. फक्त "चार्ज संपला" हे कारण त्यात धरलंय का ते बघा, आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच ही सेवा दिलेली असेल तर दोनदा पैसे भरू नका. कन्झ्युमेबल्स, म्हणजे नट-बोल्ट, ऑइल असल्या किरकोळ वस्तूंचं ॲड-ऑन, सोडा. इंजिन प्रोटेक्शनबद्दल वर बोललेच.

एक गोष्ट मात्र बॅटरीची नाही, माणसाची आहे आणि त्यात फार घरं फसलीत. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्या माणसाला कव्हर नसतं, सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच तसा निकाल दिलाय. फुल इन्शुरन्समध्ये पिलियनची जबाबदारी धरली जाते, आयआरडीएने, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ मध्ये ते स्पष्ट केलं. रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्याने, बायकोला स्टेशनवर सोडणाऱ्याने "फक्त थर्ड पार्टी पुरे" म्हणण्याआधी हे डोक्यात ठेवावं. आणि दुसरं, मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर सक्तीचं असतं, पण नावातच आहे, मालक आणि चालक. आपल्याकडे गाडी आईच्या नावावर आणि चालवतो मुलगा हे घरोघरी आहे. तो मुलगा गाडी चालवताना पडला तर या कव्हरचे पैसे त्याला मिळत नाहीत, ते फक्त आरसीवर नाव असलेल्या आणि लायसन्स असलेल्या माणसासाठी आहे. मुलाची वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढा. आणि ज्यांच्याकडे आधीच १५ लाखांचं असं कव्हर आहे त्यांनी दर गाडीला परत घ्यायची गरज नाही, एकदा डिक्लेअर केलं की ते प्रीमियममधून निघतं.

डिलिव्हरी करणाऱ्यांनी, बाईक टॅक्सी चालवणाऱ्यांनी प्रायव्हेट पॉलिसीवर विसंबू नका. वापराचा प्रकार पॉलिसीत लिहिलेला असतो, खाजगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याने माणूस नेताना अपघात झाला तर कंपनी हात वर करते आणि ते कायद्याला धरूनच असतं. बॅटरी भाड्याने घेतली असेल, म्हणजे गाडी तुमची आणि बॅटरी दर महिन्याला पैसे भरून, तर पॉलिसीत आयडीव्ही बॅटरीसकट आहे की बॅटरी सोडून ते बघा. ऑगस्ट २०२० पासून बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि नोंदवायला परवानगी आहे. अशा वेळी बॅटरीची मालकी दुसऱ्याची असते आणि तिचा इन्शुरन्स कोणी काढलाय, नुकसान झालं तर तुमच्याकडून किती वसूल करणार, हे भाडेकरारात असतं, मोटर पॉलिसीत नाही.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५०. ऐकायला भारी वाटतं पण हा फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर आहे आणि टू-व्हीलरचा तो हप्ता मुळात लहान, त्यामुळे बोनस जाईल या भीतीने मोठा क्लेम गिळून बसू नका. आरसा फुटला तर खिशातून करा, बॅटरीच्या कव्हरला मार लागला असेल तर बाहेरून नुसता ओरखडा दिसत असला तरी क्लेम टाका आणि आतून तपासणी मागा. पॉलिसी संपून ९० दिवस झाले की साठलेला बोनस जातो.

गाडी हातात आली की बॅटरीचा सीरियल नंबर, मोटर नंबर आणि चार्जरचा फोटो काढून बिलाबरोबर ठेवा, आणि बॅटरी वॉरंटीत बदलली तर नवीन नंबर कंपनीला मेल करून कळवा, क्लेमच्या वेळी नंबर जुळला नाही की फाइल अडते. क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते बघतात. तिथे तुमचा तो "झिरो डेपमध्ये बॅटरी धरली आहे" असं सांगणारा ईमेल कामाला येतो.

सेकंडहँड इलेक्ट्रिक घेणाऱ्यांसाठी शेवटचं. गाडी नावावर झाली म्हणजे इन्शुरन्स नावावर झाला असं नाही, ओन डॅमेज तुमच्या नावावर करायचा अर्ज खरेदीपासून १४ दिवसांत द्यावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा, त्याने सर्टिफिकेट घेतलं तर पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरू शकतो. आधीचा क्लेम बॅटरीवर झालेला होता का ते मालकाला विचारा आणि नुसतं विचारू नका, कंपनीचं क्लेमचं पत्र नाहीतर सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड मागा, टोकन द्यायच्या आधी.